दुसऱ्याच्या हातून ऑनलाइन अर्ज भरताना आपली माहिती कशी जपावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली नऊ वर्षे ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. जून लागला की शटर उघडण्याआधीच ओट्यावर माणसे बसलेली असतात. कुणाची पीएम किसानची ई-केवायसी राहिलेली असते, कुणाला पीकविमा भरायचा असतो, कुणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज असतो. प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात आधार कार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, रेशन कार्ड आणि दोन पासपोर्ट फोटो. पिशवी माझ्या टेबलावर रिकामी होते आणि पाठोपाठ ठरलेले वाक्य येते : "ताई, मले यातलं काही समजत नाही, तुम्हीच पाहून घ्या."

ऑनलाइन नोंदणी करताना माहिती कशी सांभाळावी याबद्दल जे सल्ले दिले जातात, ते बहुतेक अशा माणसासाठी असतात ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, स्वतःचा ईमेल आहे आणि जो एकटा बसून अर्ज भरतो. आपल्याकडे अर्ज भरणारा हात बहुधा दुसऱ्याचाच असतो : सेतूवाल्याचा, बँक मित्राचा, कृषी केंद्रातल्या पोराचा, नाही तर बारावी झालेल्या भाच्याचा. म्हणून माहिती बाहेर जाण्याची पहिली वाट संकेतस्थळावर नसून त्या टेबलावर आहे, आणि मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत असल्यामुळे ती वाट मला चांगली माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या संगणकात जागा उरली नाही म्हणून मी डाउनलोडचे फोल्डर उघडले. आधारच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पासबुकांची पहिली पाने, कोऱ्या कागदावरच्या सह्या, लहान मुलांचे जन्मदाखले, बायाबापड्यांचे अंगठे लावलेली संमतिपत्रे असे सगळे त्यात पडून होते. ती कुणी चोरली नव्हती, कुणी विकलीही नव्हती. लोकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवली, मी अर्ज भरला आणि पुसायचे राहून गेले. तोच संगणक दुरुस्तीला गेला असता, किंवा मी सुट्टीवर असताना त्यावर कुणी अनोळखी मुलगा बसला असता, तर शेकडो घरांची ओळख एका पेन ड्राइव्हवर मावली असती. त्या दिवसापासून मी अर्ज भरून झाला की गिऱ्हाइकासमोरच त्याच्या फाइली पुसते. पण सगळी केंद्रे तसे करतील यावर विसंबून राहू नये. ती मागणी गिऱ्हाइकाकडूनच व्हायला हवी.

घरून निघण्याआधी

कोणत्या कामाला कोणते कागद लागतात हे आधी विचारून घ्यावे आणि तेवढेच कागद पिशवीत ठेवावेत. पूर्ण पिशवी नेली की पूर्ण पिशवीची झेरॉक्स निघते, हे मी रोज पाहते. पासबुकाच्या कव्हरमध्ये एटीएमच्या पिनची चिठ्ठी, मोबाइलच्या कव्हरमागे यूपीआयचा पिन लिहिलेला कागद अशा गोष्टी तर अजिबात सोबत नेऊ नयेत. घरी एक वेगळी वही करावी आणि तीत कोणत्या तारखेला, कोणत्या केंद्रावर, कोणत्या योजनेसाठी, कोणता मोबाइल नंबर देऊन अर्ज भरला ते लिहून ठेवावे. संकेतस्थळाचे वापरकर्ता नाव आणि पासवर्डही त्याच वहीत लिहायला हरकत नाही. पेटीत ठेवलेली वही ही केंद्राच्या संगणकात साठवलेल्या पासवर्डपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. ती वही मात्र केंद्रावर आणू नये, लागणारा तेवढाच पासवर्ड वेगळ्या कागदावर उतरवून आणावा.

आधारची झेरॉक्स द्यावीच लागणार असेल, तर तिच्यावर आडवी रेघ मारून "फक्त अमुक कामासाठी" असे लिहावे, तारीख टाकावी आणि सही अशी करावी की ती छापील मजकुरावरून जाईल. कोरी झेरॉक्स कुठेही वापरली जाऊ शकते. लिहिलेली झेरॉक्स दुसऱ्या कामासाठी वापरणे अवघड जाते. जिथे फक्त ओळख पटवायची आहे, जसे लॉजवर उतरताना किंवा भाड्याने खोली घेताना, तिथे मास्क्ड आधार द्यावे. त्यावर बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. ज्या योजनेचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, तिथे पूर्ण क्रमांक लागतोच. तिथे नाहक वाद घालू नये.

मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा

या एका प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. अर्जात मोबाइल नंबरचा रकाना आला की माणसे एकमेकांकडे पाहतात. "माह्या फोनमधी रिचार्ज नाही, तुमचाच टाका ना ताई." केंद्रवाल्यालाही तेच सोपे पडते, कारण ओटीपी त्याच्याच हातात येतो आणि काम पटकन उरकते. पण ज्याचा नंबर अर्जात, त्याच्या हाती त्या खात्याची किल्ली. पासवर्ड बदलायचा असो, बँक खाते बदलायचे असो, अर्ज मागे घ्यायचा असो, सगळे ओटीपी त्याच नंबरवर येणार.

आमच्या भागातल्या एका विद्यार्थिनीचा प्रसंग सांगते. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका केंद्राने भरला होता, ईमेल त्या केंद्रानेच काढून दिला होता, आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठीचा नंबर केंद्राच्या मालकाचा होता. वर्षभरात ते केंद्र बंद पडले, मालक गाव सोडून गेला. दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करायचे होते, पण ना पासवर्ड, ना ईमेल, ना तो नंबर. त्या मुलीने महाविद्यालय आणि समाजकल्याण कार्यालय यांच्यात चार वेळा एसटीने खेटे घातले. तिने माहिती कुठे उघड केली नव्हती. फक्त ती दुसऱ्याच्या नावावर ठेवली होती.

म्हणून नंबर स्वतःचाच द्यावा, निदान घरातल्या अशा माणसाचा द्यावा जो घरातच राहणार आहे. लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलीचा किंवा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा नंबर आईवडिलांच्या खात्याला जोडला की प्रत्येक ओटीपीसाठी फोन करावा लागतो, आणि फोनवर ओटीपी सांगायची सवय एकदा लागली की समोर कोण आहे याची खात्री करायचे राहून जाते. ईमेल केंद्रावर काढलाच, तर पासवर्ड परत मिळवण्याच्या जागी आपला नंबर आहे की नाही हे स्वतः पडद्यावर पाहावे आणि घरी आल्यावर घरातल्या फोनवरून पासवर्ड बदलावा.

आणखी एक गोष्ट गावात फारशी कुणी सांगत नाही. रिचार्ज न करता बरेच दिवस पडून राहिलेला नंबर बंद होतो, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांचा काळ गेल्यावर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे तुमच्या बँकेचे संदेश उद्या कुण्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतात. सीम सोडायचे ठरले, तर आधी बँकेत आणि आधार केंद्रात नवा नंबर नोंदवावा, आणि मगच जुने सीम टाकावे. आपल्या नावावर किती सीम चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. एका माणसाच्या नावावर आपल्या राज्यात ९ पर्यंत सीम असू शकतात, आणि यादीत आपले नसलेले सीम दिसले तर तिथूनच ते बंद करण्याची विनंती करता येते. वर्षातून दोनदा हे पाहावे. पेरणी आटोपल्यावर एकदा आणि कापूस विकल्यावर एकदा, असे मी लोकांना लक्षात राहावे म्हणून सांगते.

टेबलासमोर बसल्यावर

केंद्रावर पडदा आपल्याला दिसेल अशा जागी बसावे आणि वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्यावे. अर्जात ज्या रकान्यापुढे लाल फुली असते तेवढेच रकाने भरणे सक्तीचे असते. पर्यायी मोबाइल नंबर, वार्षिक खर्च, घरातल्या इतरांची नावे असे फुली नसलेले रकाने मोकळे सोडले तरी अर्ज पुढे जातो. केंद्रवाला ते सवयीने भरत असेल तर "हे लागते काय?" एवढे विचारावे. मला हा प्रश्न कुणी विचारला तर राग येत नाही, उलट बरे वाटते.

पत्ता उघडताना संकेतस्थळाचे नाव वाचायला शिकावे. सरकारी संकेतस्थळाचे नाव जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन या अक्षरांवर संपते, आणि रिझर्व्ह बँकेने सांगितल्याप्रमाणे बँकांनी आता आपली संकेतस्थळे बँक डॉट इन या शेवटावर नेली आहेत. "संपते" या शब्दाला महत्त्व आहे. योजनेचे नाव किंवा जीओव्ही ही अक्षरे पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये कुणीही घालू शकतो, म्हणून पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा भाग पाहावा आणि त्याचा शेवट काय आहे तेवढे वाचावे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा नावात साधर्म्य असलेली खोटी पाने फिरत होती आणि तीही हुबेहूब दिसत होती. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून कोणताही अर्ज उघडू नये. पत्ता स्वतः टाकावा किंवा कृषी सहाय्यक, अंगणवाडी सेविका, तलाठी यांच्याकडून खात्री करून घ्यावी.

ओटीपी आला की तो मोठ्याने ओरडून सांगू नये. मी केंद्रात रोज ऐकते, रांगेतल्या दहा जणांच्या कानावर पडेल असा आकडा सांगितला जातो. आधी संदेश पूर्ण वाचावा, कारण तो कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेले असते. पीकविम्याचा अर्ज चालू असताना संदेशात बँकेतून रक्कम जात असल्याचा उल्लेख असेल, तर तिथेच थांबावे. २०२५ पासून अशा संदेशांच्या प्रेषकाच्या नावाशेवटी एक अक्षर जोडलेले असते. जी असेल तर तो सरकारी, पी असेल तर जाहिरातीचा. जमल्यास आकडा स्वतः टाइप करावा. मी कीबोर्ड गिऱ्हाइकाकडे सरकवते, पहिल्यांदा हात कापतो, तिसऱ्यांदा माणूस स्वतःच म्हणतो, "द्या इकडं, मी टाकतो."

अंगठ्याच्या बाबतीत तर याहून जास्त सावध राहावे. अंगठ्याच्या यंत्रावर आधारची ओळखही पटते आणि आधार जोडलेल्या खात्यातून पैसेही काढता येतात, यंत्र तेच. "सर्व्हर नाही, लागला नाही, परत ठेवा" असे म्हणून दोनतीनदा अंगठा घेतला जात असेल, तर प्रत्येक वेळी काय झाले ते पडद्यावर पाहावे, पावती मागावी आणि बँकेचा संदेश येतो का ते तपासावे. खरेच यंत्राला अंगठा लागत नाही असे वारंवार होते, विशेषतः कापूस वेचून, फण ओढून बोटे घासलेल्या माणसांचे. म्हणूनच हे कारण सहज पटते आणि म्हणूनच त्याच्या आडून फसवणे सोपे जाते. पीएम किसानची ई-केवायसी २०२३ पासून त्याच्या अधिकृत अॅपवर चेहरा दाखवूनही करता येते, तीही घरबसल्या. ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांनी तो मार्ग धरावा.

आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, कुलूपबंद करण्याची सोय आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि अॅपमध्ये आहे. कुलूप लावले की कुणी ठसा मिळवला तरी त्याने पैसे निघत नाहीत. रेशन दुकानात किंवा खताच्या पॉस यंत्रावर अंगठा द्यायचा असेल त्या दिवशी ते उघडावे लागते, हा त्रास आहे हे मला मान्य आहे. ज्या घरात एखादा फोन हाताळणारा आहे, त्याने हा त्रास घ्यावाच असे माझे मत आहे.

काम संपल्यावर उठण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात. संकेतस्थळावरून आपले खाते बंद म्हणजे लॉगआउट झाले का, "पासवर्ड साठवू का" या प्रश्नाला "नाही" म्हटले का, आणि आपल्या फाइली डाउनलोडमधून व रिसायकल बिनमधून गेल्या का. व्हॉट्सअॅपवरून आपला संदेश सगळ्यांसाठी पुसला तरी संगणकात उतरवलेली फाइल तशीच राहते, हे ध्यानात ठेवावे. जे कागद वारंवार लागतात ते डिजिलॉकर या सरकारी ऑनलाइन कागदपेटीत ठेवणे चांगले. तिथून मिळालेले दाखले मूळ कागदासारखेच ग्राह्य आहेत, आणि फोटो इकडून तिकडे फिरवण्याची गरज उरत नाही. खराब निघालेल्या प्रिंटा आणि जास्तीच्या झेरॉक्स टोपलीत न टाकता घरी घेऊन याव्यात. गावातल्या भजीवाल्याच्या रद्दीत आधारची झेरॉक्स मी स्वतः पाहिली आहे.

फोनवर स्वतः अॅप घेताना

अॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावे. पीएम किसानच्या नावाने, बँकेच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने ज्या एपीके फाइली (प्ले स्टोअरशिवाय थेट अॅप बसवणाऱ्या फाइली) व्हॉट्सअॅपच्या गटांत येतात, त्या उघडल्या की फोनमधले संदेश दुसऱ्याला वाचता येतात, म्हणजे ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही. ती फाइल गावच्या गटात सरपंचाच्या किंवा शिक्षकाच्या नंबरवरून आली तरी उघडू नये. त्यांचा फोन आधीच ताब्यात गेला असेल तर ती त्यांच्या नावाने आपोआप पुढे जाते.

अॅप चालू करताना ते परवानग्या मागते. त्या वेळी एकच विचार करावा : या कामाला ही परवानगी कशाला हवी? पिकाची नोंद करणाऱ्या ई-पीक पाहणीच्या अॅपला कॅमेरा आणि ठिकाण लागणारच, कारण फोटो त्याच वावरातला आहे हे त्याला पाहायचे असते. हवामान सांगणाऱ्या अॅपला संपर्क यादी लागत नाही. टॉर्चच्या अॅपला काहीच लागत नाही. ठिकाणाची परवानगी देताना "अॅप वापरत असतानाच" हा पर्याय निवडावा, आणि नाही म्हटल्यावर अॅप चालत नसेल तर ते अॅपच नको.

कर्ज देणाऱ्या अॅपबद्दल मात्र मी कळकळीने सांगते. पेरणीच्या तोंडावर बँकेचे पीककर्ज अडले की दहा मिनिटांत पाच हजार देणारे अॅप कुणीतरी दाखवतो. गेल्या खरिपात आमच्या शेजारच्या गावातल्या एका कास्तकाराने ते घेतले, संपर्क यादीला होकार दिला, आणि हप्ता चुकल्यावर त्याच्या लेकीच्या सासरी, सोयऱ्याधायऱ्यांकडे, गावच्या पोलीस पाटलाकडे शिव्यांचे फोन गेले. पैसे थोडे होते, अब्रू गेली ती मोठी. रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच सांगितले आहे की कर्ज देणाऱ्या अॅपला फोनमधली संपर्क यादी, कॉलची नोंद, फोटो आणि फाइली पाहता येणार नाहीत. जे अॅप ही परवानगी मागते, ते नियम मोडूनच सुरुवात करते आहे, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे.

दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात, तोही नोंदणीचाच एक प्रकार आहे. नंबर दिल्याशिवाय माल देणार नाही असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये सांगितलेले आहे. नको असेल तर सरळ नाही म्हणावे.

मुलांच्या माहितीबद्दलही थोडे. अभ्यासाच्या, खेळाच्या अॅपवर मुले आपली जन्मतारीख, शाळा, आईचा नंबर सहज टाकतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्यासाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. याच कायद्यात दिलेली संमती परत घेण्याचा आणि माहिती पुसायला सांगण्याचाही अधिकार आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर मुलांच्या फोनवर नवे अॅप आले की ते उघडून पाहणे आईवडिलांच्याच हाती आहे.

काही गडबड झालीच तर

पैसे गेले तर आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा, त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात. जितका लवकर फोन जातो तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. त्यानंतर बँकेच्या शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल, आणि संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले असेल, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. आपणच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून लाज वाटून दोन दिवस घरात बसू नये. आमच्याकडे माणसे "लोक काय म्हणतील" म्हणून गप्प बसतात आणि तेवढ्यात दुसऱ्यांदा पैसे जातात.

पैसे गेले नाहीत पण कागद चुकीच्या हाती पडल्याची शंका असेल, तर आधारच्या संकेतस्थळावर आपला आधार कुठे कुठे वापरला गेला याची मागच्या सहा महिन्यांची नोंद पाहावी. न ओळखीची नोंद दिसली तर आधारच्या १९४७ या मदत क्रमांकावर कळवावे, बायोमेट्रिकला कुलूप लावावे आणि तक्रारीचा क्रमांक, फोनवर बोलणाऱ्याने सांगितलेली तारीख व वेळ घरच्या त्याच वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वेळी माझ्या केंद्रावर किंवा दुसऱ्या कुणाच्या केंद्रावर या कामासाठी आलात, तर तेवढे पान उतरवून आणावे. तक्रार कुठवर आली हे शोधायला तोच क्रमांक लागतो.